आज घ्यायला तूच ये

आई,

चिठ्ठी मुद्दाम तुझ्या गाडीच्या किल्लीखाली ठेवलीय. तू विमानतळावरून घरी येशील तोवर मी आमच्या वर्गातल्या महाराणीच्या वाढदिवसाला गेलेली असेन. मागच्या वेळी तू आणलेला चंदेरी ड्रेस घातलाय. आता तो कमरेत सैल होतो, म्हणून पिन लावलीय. जेवले नाही म्हणून मावशींना बोलू नकोस, त्यांनी दोनदा ताट वाढलं होतं.

एक काम आहे. पार्टी संपल्यावर ड्रायव्हरकाकांना पाठवू नकोस. तिथे फाटकाबाहेर गाड्यांची ही रांग लागते. वॉचमन नाव पुकारतो आणि आम्ही एकेक जण निघतो. फक्त त्या चष्मेवालीची आई स्वतः येते. अंगात घरातला गाऊन, पायात सपाता. सरळ आत घुसते आणि सगळ्यांसमोर विचारते, "काही खाल्लंस का गं? डोळे का लाल झालेत?" आम्ही खो खो हसतो. सगळ्यांत मोठ्यांदा मीच हसते, कारण थोड्या वेळापूर्वीच बाथरूममध्ये त्या चष्मेवालीच्या शेजारी मीही रडलेली असते.

आज तू तशी ये. दमली असशील तर तशीच, केस न विंचरता. फोन करून बाहेर बोलावू नकोस, आत ये. मी तोंड वाकडं करीन, "शी, काय गं हे आई!" म्हणीन. माझं अजिबात ऐकू नकोस. सगळ्यांसमोर विचार.

पिल्लू