छत वाकलेले काळे इंजिन

मी, वय एकोणऐंशी, टायपरायटर दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. हात थरथरतो, डोके नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलाला. मोरीचा नळ गळतो. तो त्यानेच बसवलेला असल्याने तक्रार करू नये.

२. माझी हत्यारे धाकट्या भावाला. बारीक स्क्रूड्रायव्हर त्याने अकरा वर्षांपूर्वी ‘दोन दिवसांसाठी’ नेला. बाकीची आता त्याच्या सोबतीला जावीत.

३. मागच्या खोलीतील प्लॅस्टिकची चोवीस रेल्वे इंजिने, रुळांसकट, सूनबाईला. मुलाने यात नाक खुपसू नये.

सूनबाई दातांच्या कवळ्या बनवते. कोणती वस्तू किती उष्णतेला मऊ पडते, हे तिच्या बोटांना कळते. दिवे बसवण्यासाठी मी इंजिनाच्या पोटातच सोल्डरिंग करू लागलो आणि दोन इंजिने वितळवली. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, जोडायचं ते बाहेर जोडा. आत फक्त गार झालेलं जाऊ द्या." सगळ्या तारा तिने टेबलावर जोडल्या. वीज अडवताना स्वतः तापणारा रेझिस्टर तळाच्या लोखंडी वजनावर चिकटवला, प्लॅस्टिकपासून लांब. मग दिवे तासभर चालू ठेवून प्रत्येक छताला हात लावून पाहिला. असे काम मी उभ्या आयुष्यात पाहिले नाही, माझे स्वतःचे धरून.

४. मॉडेल क्लबच्या प्रदर्शनात काळ्या इंजिनाचे छत सर्वांदेखत वाकले. मी म्हणालो, "सूनबाईचं काम, काय करणार." लोक हसले. खरे असे की, इंजिनाच्या खिडकीतून तार दिसते म्हणून आदल्या दिवशी मीच रेझिस्टर उचलून छताला चिकटवला होता. तेव्हापासून सहा वर्षे तिने मागच्या खोलीत पाऊल टाकलेले नाही. माझ्या औषधाची वेळ मात्र कधी चुकवली नाही. मला लाज वाटते. तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून येथे लिहितो.

ठिकाण: राहते घर. दिनांक: ७ मार्च, सकाळी अकरा.
सही

साक्षीदार १: डॉक्टर. शुद्धीची खात्री केली. सही

साक्षीदार २: मॉडेल क्लबचे सचिव. त्या दिवशी मीही हसलो होतो. कलम ४ आजच सूनबाईंना वाचून दाखवावे, या अटीवर सही.

ताजा कलम, त्याच दिवशी, दुपारी: वाचून दाखवले. तिने मागच्या खोलीत जाऊन काळे इंजिन उघडले, रेझिस्टर परत खाली लोखंडावर नेला. वाकलेले छत तसेच ठेवले. तासाभराने मला हाक मारली, "बाबा, हात लावून बघा."

गार आहे.