नोंबूचा दोरा आणि तुमचं पंचांग

वन्सं,

मी कावेरीपलीकडच्या दवाखान्यात चालले आहे. मासी महिना संपायच्या आत तुमच्या भावाच्या आयुष्यासाठीचा नोंबू व्रताचा पिवळा दोरा यंदा त्यांच्याच हातून बांधून घेणार, खाटेवर तर खाटेवर.

काल दाराशी तुम्ही रुक्कू मामींना सांगत होतात, "गेल्या वर्षी वहिनीनं महिना उलटल्यावर दोरा बांधला, म्हणून अण्णाचं हृदय बिघडलं." मी आत चवळी निवडत होते, बहिरी झाले नव्हते. महिना संपायची वेळ माझ्या माहेरच्या पंचांगात आठची होती, तुमच्या पंचांगात नऊची. "या घरात आमचंच पंचांग चालतं," हे कुणी ठणकावलं होतं? तुमच्या शब्दाखातर मी उपाशी पोटी तासभर थांबले, आणि आता उशीर माझा! यंदा दोन्हींतली आधीची वेळ धरली आहे. कुणाला विचारलेलं नाही.

उद्या त्यांचं ऑपरेशन आहे. हे असलं त्यांच्या कानावर घालायला येणार असाल तर येऊच नका, मी दारातून परत पाठवीन. नुसतं भावाजवळ बसायचं असेल तर दुपारी या. उशाशी एक खुर्ची आहे, ती मी सोडीन.

ओट्यावर नोंबूच्या तांदूळपिठी-चवळीच्या अडै झाकून ठेवल्या आहेत, दोन गोड, दोन मिठाच्या. लोणी पाण्यात आहे. ते रोज मला पहिलं हेच विचारतात, "कोमळम जेवली का?" आजही विचारतील आणि मी हो म्हणणार आहे. व्रताच्या दिवशी मला खोटं बोलायला लावू नका. खाऊन घ्या.

सेंबकम