ताईच्या ताटातल्या फासळ्या

रविवार, १४ डिसेंबर २००८
अर्जुनी मोरगाव

आजचं आजच लिहून ठेवते.

आज भावजी ताईला न्यायला आले. दिवाळीत त्यांच्याच लाथेनं तिची बरगडी मोडली होती. तरी जावई म्हणून मायनं दारात त्यांचे पाय धुतले. तो पाय हातात घेताना तिला काय वाटलं असेल?

सकाळपासून चुलीवर डुकराच्या फासळ्या शिजत होत्या. चिंच, गूळ, आच अगदी मंद. ताईच्या अंगात रक्त कमी आहे, मांस खाऊ घाला, पण चरबी कमी, असं डॉक्टर म्हणाले होते. माय वर आलेली चरबी पळीनं काढत बसली होती. मांस हाडापासून सुटू लागलं तसं पहिलं ताट तिनं ताईपुढे ठेवलं.

"जावयाच्या आधी ही खाऊन राहिली? काऊन?" भावजी ओरडले आणि ताटाला लाथ हाणली. तोच पाय, मायनं धुतलेला. गरम रस्सा ताईच्या मांडीवर उडाला.

मायनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्याच पायावर घातलं. पुन्हा घातलं. मी पाट उचलला होता, त्यांच्या डोक्यात घालायला. ताईनं माझा हात धरला. का धरला? अजून वाटतं, घालायलाच हवा होता.

भावजी लंगडत अंगणात गेले. "हिले आत्ताच्या आत्ता माह्यासंगं धाडा!"

ताईनं खाली पडलेली फासळी उचलली, धुतली. उंबऱ्यावर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघत, हाड पांढरं होईपर्यंत खाल्ली.

मग म्हणाली, "माय, आणखी वाढ."