शिकवणारीचं नाव

७ एप्रिल १६६२

नातवाच्या घरी राहायला आले. निनियन गाडी घेऊन न्यायला आला तो वाटभर आपला हसतोय. तेव्हाच ओळखलं, घरात बाई आलीय. शोना नाव. केस कातरलेल्या मेंढीसारखे, पण लिहिते छान. मला अक्षराची ओळख नाही, तेव्हा मी सांगते नि ती लिहिते. आजी, केसांचंही लिहू का, म्हणाली. लिही म्हटलं, खोटं थोडंच आहे.

कुठली विचारलं तर निनियन कानापर्यंत लाल. टेकडीवरच्या उभ्या दगडापाशी सापडली म्हणे, साडेतीनशे वर्षं पुढून आलेली. म्हटलं, पुढून येवो की मागून, लापशी ढवळता आली म्हणजे झालं. येत नाही. पण तो तिच्याकडे बघतो कसा, ते बघून मी करपलेलीसुद्धा खाल्ली.

१९ एप्रिल

शेजारच्या बेथियाची गाय आटली. बेथिया सारखी आमच्या दाराकडे बघते. चेटकिणीची नजर नको म्हणून मी रोवनच्या झाडाची डहाळी लाल दोऱ्यानं आमच्या गाईच्या शेपटीला बांधली, एक शोनाच्या परकरात आतून शिवली. माझ्या आईनं मला अशीच शिवली होती. शोना म्हणाली, आजी, चर्चला हे चालत नाही ना? म्हटलं, चर्चला कुठे दूध काढायचंय.

५ मे

कोठडीत आहोत. शोनाला धरलं. बेथियानं तक्रार केली, झडतीत परकरातला दोरा निघाला, आणि पंच म्हणाले, हाच पुरावा. चेटकिणीपासून राखायला बांधलेला दोरा, त्यावरून तिलाच चेटकीण ठरवली.

दोरा मी बांधला, असं मी पंचांना सांगितलं. ते हसले. पोरीनं म्हातारीला भारलंय म्हणाले.

तिला झोपू द्यायचं नाही, असा हुकूम. गावच्या बाया पाळीनं पहारा करतात. मलाही पाळी दिली. डोळा लागला की चिमटा काढायचा. मी काढत नाही, लिहायला लावते. पाद्र्यांनी कबुलीसाठी ठेवलेले कागद आहेत, त्यांवरच.

८ मे

तिचं अक्षर हलतंय, म्हणते. भिंतीत माणसं दिसतात तिला. मलाही –

नाही. मला नाही दिसत.

माझ्याकडे पहिल्या दिवसापासून अशी का बघतेस, विचारलं. रडली. मग बोलली. तिच्या काळात या गावात एक दगड आहे. इथे जाळलेल्या बाईचं नाव कोरलेलं. एकच नाव. माझं.

लिही गं. थांबू नकोस.

१० मे

चेटकीण ओळखायला अंगात सुया खुपसणारा माणूस आलाय. बाहेर त्याचा आवाज. जेवतोय.

पाद्री शोनाला म्हणाले, चेटूक शिकवणारीचं नाव लिहून दे, सही कर, तुला नुसतं हद्दपार करू. नाहीतर उद्या – डांबराची पिंपं आणलीत. वास इथवर येतो.

निनियन टेकडीवर थांबलाय. दगडापाशी. दोघं जा.

११ मे

येताहेत. जिन्यावर पावलं –

त्यांना दोरा नको, सैतान हवा. मग सैतान लिही. काळा होता, गार हात होते, काहीही लिही. मी त्याला भेटले. मी तुला –

रडू नकोस, शाई पसरेल.

माझं वय झालंय, पोरी. तुझे तर केससुद्धा अजून –

कडी काढली त्यांनी. माझंच नाव घाल. लिही. मला शिकवणारी बाई म्हणजे ग्रि