पडद्याची सुलट बाजू

सोमवार, ३ तारीख

खोली मिळाली. स्वतःची, कडीकुलपाची आणि सकाळी ऊन येणारी. चार महिने मित्राच्या पलंगाखाली माझी ट्रंक आणि पलंगावरून त्याचे टोमणे, ते एकदाचं संपलं. प्राध्यापकांच्या टेबलावर शाईची बाटली आपटून कॉलेज सोडलं, त्यानंतर इतकं बरं आजच वाटलं.

खोली तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय बारा. एका कोपऱ्यात तीन बाजूंनी पांढऱ्या फरशा लावून न्हाणी केली आहे. वर शॉवर, खाली वीतभर उंच कठडा, चौथी बाजू खोलीकडे सताड उघडी. दार नाही, आडवी दांडी आणि बारा कड्या तेवढ्या आहेत. घरमालकीणबाई म्हणाल्या की पडदा ज्याचा त्याने आणायचा. वर म्हणाल्या, माझे गुडघे गेलेत, मी काही जिना चढून बघायला येत नाही, पण पाणी खाली गळलं तर हाक मारून तुला खाली बोलवीन आणि मग बोलेन.

जिच्याशी लग्न करायचंय ती रविवारी खोली बघायला येणार आहे, तिच्या ताईला घेऊन. तिचे वडील म्हणाले होते की या पोराच्या डोक्यावर छप्पर नाही, डोक्यात मात्र राख. आता छप्पर आहे. ताईला पसंत पडलं की वडील वळतील. त्या घरात ताईचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. आणि ताईची नजर पहिली कुठे जाईल? उघड्या न्हाणीवर. तेव्हा आधी पडदा, मग बाकीचा संसार.

मंगळवार, ४

मी छापखान्यात पुस्तकं शिवतो. (ही वहीही तिथल्याच वाया गेलेल्या कागदांची, माझ्याच हातची.) तिथला मुकादम मला काडेपेटी म्हणतो. आज लवकर सुटी मागितली तर म्हणाला, काडेपेटी न भडकता काही मागतेय म्हणजे नक्की मुलीचं प्रकरण आहे. इतर वेळी त्याला उत्तर दिलं असतं.

पडदेवाल्याने पंधरा पडदे उलगडले. मासे नकोत, बदकं नकोत, आरपार दिसणारा तर नकोच. त्याने विचारलं, लग्न ठरलंय का. म्हटलं, ठरेल. मग प्लास्टिक घेऊ नकोस म्हणाला. ओलं झालं की अंगाला चिकटतं, नवी नवरी किंचाळली की शेजारी तुलाच बोल लावतील. शेवटी एक कापडी सापडला. जाड, पाणी न झिरपणारा, एका बाजूला पिवळी पानं, दुसरी बाजू कोरी पांढरी. तिची एक ओढणी अशीच आहे. खालच्या शिवणीत वजनाच्या गोट्या आहेत, त्यामुळे उडत नाही. दांडीपासून कठड्याच्या आत चार बोटं उतरेल इतकी लांबी. घडी घालताना त्याने धंद्यातलं ज्ञान फुकट दिलं: नक्षी बघणाऱ्याकडे, पांढरं भिजणाऱ्याकडे.

बुधवार, ५

सकाळी पडदा लावला. बारा भोकं, बारा कड्या. गंमत म्हणजे कड्यांची तोंडं न्हाणीच्या बाजूला होती. पडदा बाहेर उभं राहून लावतात, मग आधीच्या भाडेकरूने त्या आतून कशाला अडकवल्या असतील? पकडीने एकेक फिरवली. पानं खोलीकडे केली, पडदा ओढला आणि पलंगावर बसून बघत राहिलो. उन्हात पानं खरी वाटत होती. तिला कुठे उभं करायचं, ताईला खुर्ची कुठे द्यायची, सगळं ठरवलं.

मग आंघोळ केली. एक थेंब बाहेर आला नाही.

गुरुवार, ६

सकाळी उठलो तर पानं आत, पांढरी बाजू माझ्याकडे.

माझं डोकं फिरलं. तसाच खाली गेलो आणि मालकीणबाईंवर ओरडलो की माझ्या खोलीत शिरायचं काय काम होतं. त्या गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, हे गुडघे घेऊन मी तीन जिने चढले असते तर तुझा पडदा कशाला फिरवला असता, गच्चीवर जाऊन नाचले नसते का. त्यांची सून हसली. मी माफी न मागता वर आलो.

पडदा पुन्हा सुलट केला. छापखान्यातली बारीक तार आणली होती, तिने प्रत्येक कडी बांधली. मी पीळ नेहमी उजवीकडे देतो. बारा कड्या, बारा पीळ, सगळे खोलीच्या बाजूने. आता कोणी हात लावून दाखवावा.

शुक्रवार, ७

दुपारी जेवायच्या सुटीत आलो. पानं आत.

तारा तुटलेल्या नाहीत. बाराही जागेवर आहेत. पण पीळ डावीकडे आहेत आणि टोकं न्हाणीच्या आत वळवलेली.

खाली मालकीणबाईंनी स्वतःहून हाक मारली. म्हणाल्या, सकाळी येऊन माफी मागितलीस, गुडघ्यांची विचारपूस केलीस, माझं मन निवलं रे बाबा. आवाजही किती मऊ. मी सकाळी त्यांच्या दारासमोरून मान खाली घालून गेलो होतो. एक शब्द बोललो नव्हतो.

उशी ओली आहे. भिंत ओली आहे. खोलीत साबणाचा वास येतो, न्हाणी मात्र कोरडी ठणठणीत. माझी बोटं सकाळपासून सुरकुतलेली आहेत, तासभर पाण्यात राहिल्यासारखी. पेनाची शाई फुटायला लागली म्हणून पेन्सिल घेतली.

पडदेवाल्याचं बोलणं डोक्यातून जात नाही. नक्षी बघणाऱ्याकडे. म्हणजे बघणारा आत आहे. मग भिजणारा—

तिला येऊ नकोस म्हणून कळवावं का? काय सांगू? वडील म्हणतील, बघा, आठवडाभरही टिकला नाही. पुन्हा संधी मिळणार नाही. नाही. पडदाच काढून टाकतो.

शनिवार, ८

सकाळ. खोलीतून पडदा ओढला, फाटत नाही. कात्री घसरते. पिळांची टोकं आत आहेत, म्हणजे तारा आतूनच सोडवाव्या लागतील. पकड घेतली. वही खिशात आहे. कठडा ओलांडून—

पडदा मागे आपोआप बंद झाला. पानं माझ्यासमोर होती. मग नुसता शहारला आणि पानं गेली. आता माझ्याकडे पांढरं.

बाजूला सारला. मागे फरशा आहेत. चौथी भिंत. खोली नाही.

पडदा सोडला की त्याच्यापलीकडून माझ्या पलंगाचा आवाज येतो. कोणीतरी बसलं. उठलं. खुर्ची सरकवली.

रविवार, ९

पडद्यावर उजेड आला. सकाळ झाली असावी. शॉवरमधून थेंब थेंब.

त्या आल्या. तिच्या चपलेचा आवाज मी ओळखतो. ताईचा आवाज—

ओरडलो. घसा फुटेपर्यंत. त्यांना ऐकूच जात नाही.

तो बोलतोय. माझ्या आवाजात. ताईला म्हणाला, तुम्ही इतके जिने चढून आलात, आधी बसा. तिला म्हणाला, चुकलो मी आजवर, फार त्रास दिला तुला. ताई म्हणाली, अगं हा तर शहाणा झाला, बाबांना सांगायला हवं. ती हसली. माझ्याशी अशी कधीच हसली नव्हती. घाबरत हसायची.

पडदा छान आहे म्हणाली.

तो म्हणतोय, पाणी बघ ना, जोर चांगला आहे.

कडेने तिचा हात आत आला. नळ शोधतोय. माझ्या तोंडापासून वीतभर. धरला तर ती इकडे येईल. कळतंय मला. धरायचा नाही. भिंतीला चिकटून उभा—

बाहेर ती त्याच्या बोलण्यावर पुन्हा हसली.

धरला.

ती इथे आहे. कोपऱ्यात. मनगट चोळतेय. माझ्या बोटांचे वळ. माझ्याकडे बघत नाही.

बाहेर तिचाच आवाज, ताई, चल निघूया. ताई म्हणतेय, बाबांना आजच सांगते, घर पसंत, मुलगा पसंत. तिघं जिना उतरतायत.

ताई ताई म्हणून ही पडद्यावर हात आपटतेय.

पाणी सुरू झालं. थांबत नाही. कठड्यावर आलं. मी तिला सांगितलं, मला फक्त तू हवी होतीस. तिने विचारलं, तुला माहीत होतं का, की मी इकडे येईन.

म्हटलं, नाही. मग म्हटलं, रागात मला—

तिने पुन्हा विचारलं. गुडघ्यापर्यंत पाणी. कागद फुगतोय. खरं सांगतो तिला. मला माहीत—