हाक त्यांची, ओ आपली

अहो,

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी मनातल्या मनातच बोलत आले. आज कागद घेतला, कारण हे तोंडातून निघत नाही. आपल्या बंदुकीचं नाव मी विकलं. 'हैबत छाप'. आणि काल मुदखेडच्या बाजारात ते मला प्लॅस्टिकच्या पिस्तुलावर दिसलं.

हो, टिकल्यांचं पिस्तूल! लालभडक. दिवाळीच्या गाड्यावर ढीग लागलेला आणि विकणारा ओरडून राहिला होता, "हैबत घ्या, हैबत! वाजली तर वाजली!"

परवाना तुमच्या नावावर होता, तो तुमच्याबरोबर गेला. दुकानही गेलं. हदगावकडचे शेतकरी अजून विचारायला येतात, "काकू, डुकरांनी भुईमूग ठिवला न्हाई. ठासणीची बंदूक एखादी हाय का?" मी नुसती मान हलवते. मग लातूरहून एक जण आला. म्हणाला, "काकू, दुकान गेलं तरी नाव जगलं पाहिजे." या एका वाक्यावर भुलले मी. कसल्या बंदुका काढणार, एवढं तरी विचारायचं होतं ना? जन्म बंदुकवाल्याच्या घरात गेला. मला वाटलं, बंदूक म्हणजे बंदूकच.

पण पिस्तुलाचं हसूही येईल एखाद्या दिवशी. दुसऱ्या गोष्टीचं येणार नाही.

लातूरला विक्रीचा कागद करताना वकिलांनी विचारलं, "हैबत हे कुणाचं नाव?" मी म्हणाले, "आमच्या आजेसासऱ्यांचं. हैबतराव." त्यांनी लिहिलं, मी सही केली.

तुम्ही दर दसऱ्याला ती गोष्ट सांगायचात. नळीवर नाव उठवायचा पोलादी ठसा पाटावर मांडायचात, हळदकुंकू लावायचात आणि सुरू! निजामाच्या काळात, आपल्या बंदुका घडवणाऱ्या कासिमभाईंच्या आजोबांनी, बडे मिस्त्रींनी, पहिली बंदूक घडवली. गोदावरीच्या काठावर बार काढला, तर पलीकडच्या बाभळीवरचे सगळे बगळे उठले. मिस्त्री ओरडले, "क्या हैबत है!" शेजारी उभे आजेसासरे म्हणाले, "ओ! काय म्हणता?" दोघं हसून हसून वाळूत बसले आणि नाव तिथंच ठरलं.

हैबत म्हणजे दरारा. तुम्ही आणलेल्या कोशात मीच तो शब्द शोधला होता. तुम्ही म्हणायचात, "हाक त्यांची, ओ आपली. नाव दोघांचं." आणि ठशावर पहिलं फूल कासिमभाईंच्या हातून वाहायचात. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीला, शाहेदाभाभींना, बोलावून घ्यायचात.

वकिलांपुढे मी ओ तेवढी सांगितली. हाक गिळली. का? ते घाईत होते म्हणून? की 'आमच्या आजेसासऱ्यांचं' म्हणताना मान जरा ताठ झाली, म्हणून? खोटं नाही बोलले हो. पण इतकी पुस्तकं वाचून मी असं अर्धं खरं बोलायला शिकले का?

काल त्या गाड्यापाशी मागून आवाज आला, "काय वहिनी, तुमचे आजेसासरे पिलास्टिकचे कवा झाले?"

शाहेदाभाभी! हातात पिस्तुलाचं खोकं. त्यावर पगडीवाला, मिशीवाला एक म्हातारा छापलेला. आजेसासऱ्यांना मिशा तरी होत्या का? मी हसायला गेले, जमलं नाही.

"सगळं वाचलं मी," भाभी म्हणाल्या. "हैबतरावांचा वारसा, लिहिलंय. आमचे बडे मिस्त्री कुठं हायत? खालच्या बाजूला हायत काय?" आणि त्यांनी खोकं खरंच उलटं करून बघितलं.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खोकं ढिगावर नीट ठेवून त्या गेल्या. मी हाकसुद्धा मारली नाही. कुठल्या तोंडानं मारू?

तुम्ही असता तर नुसतं चष्मा काढून पुसत बसला असता. तेच मला जास्त लागलं असतं.

ठसा अजून घरात आहे. लातूरवाल्याला तो नको होता. त्याचं नाव साच्यातूनच निघतं. उद्या सकाळी ठसा घेऊन भाभींकडे जाते. पदराखाली झाकून नाही, तळहातावर. यापुढे तो त्यांच्या घरी राहील आणि दसऱ्याला फूल घेऊन मी जाईन. त्या आल्या तर त्यांना घेऊन, नाही तर एकटी, लातूरला जाऊन वकिलांना सगळी गोष्ट लिहून घ्यायला लावीन, बगळ्यांसकट. नाव परत येईल की नाही, माहीत नाही.

भाभी दार उघडतील, काय म्हणायचं ते म्हणतील. पण वचन देते. त्या ज्या नावानं हाक मारतील, त्याला मी ओ देईन.

तुमचीच,
सुमन