तोंडाचा रंग जुळवताना

बाबा, तुम्हाला पत्र लिहायची वेळ तुमच्या हयातीत कधी आलीच नाही. तुम्ही पळस्प्याच्या पुढे कुठे राहायला गेलात तर ना! सकाळी सायकलवरून पळस्पे फाटा, संध्याकाळी अंगाला थिनरचा वास घेऊन परत पनवेल. जे काय बोलायचं ते जेवताना, आणि तेही ओरडून, कारण दिवसभर कंप्रेसरच्या आवाजात काढल्यावर तुम्हाला हळू बोलणं जमेनासं झालं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी, पन्नाशी ओलांडलेली बाई, दुकान उघडायच्या आधी कागद घेऊन बसलेय. का, ते सांगते. पण आधी मागचं सांगू द्या, नाहीतर आताचं कळायचं नाही.

गाड्यांना रंग देणारे, एवढीच तुमची ओळख मी शाळेत सांगायचे. ते रंग देणं म्हणजे काय, हे मला एका दुपारी कळलं. मी तुमचा डबा घेऊन गॅरेजवर आले होते. गोव्याच्या रस्त्यावर ठोकलेली एक मोतिया रंगाची गाडी उभी होती. मालक घाबराघुबरा, कारण गाडी त्याच्या थोरल्या भावाची होती आणि भावाला कळता कामा नये होतं. दरवाजा नवीन बसवलेला, नुसता प्रायमर मारलेला. तुम्ही डब्यात पांढरा ओतता, त्यात पिवळ्याचे थेंब, मग काळ्याचा एकच थेंब, तोही काडीच्या टोकावरून. पत्र्याच्या तुकड्यावर बोट ओढता, उन्हात धरता, डोळे बारीक करता, तोंडाने 'च्यक' करता आणि परत ढवळायला लागता. मी डबा हातात धरून तशीच उभी. संध्याकाळी त्या माणसाने गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "यातला नवीन दरवाजा कुठला?" तुम्ही कॉलर ताठ करून हसलात. अहो, मीसुद्धा सांगू शकले नसते! घरी येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि मी गप्प बसले की मला ताप आलाय असंच आईला वाटायचं, तसं तिने कपाळाला हात लावून पाहिलासुद्धा.

मला वाटतं, तो किडा तेव्हाच लागला. आईचा स्नो, टाल्कम पावडर, कुंकवाची चिमूट, काजळाची डबी, हे सगळं एकमेकांत कालवून मी आरशासमोर बसायचे. कुंकू स्नोमध्ये मळून गालाला लावलं तर लाली येते, पण दुपारपर्यंत टिकते आणि मग डाग पडतो. काजळ तसंच लावलं तर डोळे वटारल्यासारखे दिसतात, बोटाने पुसट केलं तर मोठे दिसतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, करून करून कळलं होतं. आई म्हणायची, अभ्यासात इतकं डोकं घातलंस तर कलेक्टर होशील. तुम्ही म्हणायचात, "थोबाड रंगवायचं काम आपल्या घरात नाय." गाडीचं चालायचं, थोबाडाचं नाही.

म्हणून बारावीनंतर उरण नाक्याजवळच्या कटलरीच्या दुकानात मुलगी पाहिजे म्हणून कळलं, तेव्हा मी तुम्हाला फक्त "बांगड्या-टिकल्या विकायच्या" एवढंच सांगितलं. खरं म्हणजे शेठाणीने नवीन काचेचं कपाट केलं होतं, फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, लिपस्टिक, आयशॅडोच्या डब्या. मला ते कपाट हवं होतं, बाबा. पगार किती ते मी विचारलंसुद्धा नाही. ते ड्रॉवर उघडायला मिळणार, हातावर रेघा ओढून बघायला मिळणार, याच विचाराने माझी झोप उडाली होती. शेठाणीची अट एकच. "काउंटरवरच्या पोरीच्या तोंडावर माल दिसला पाहिजे. तुला बघून बायका घेतील." आणि तिने मला फाउंडेशनची बाटली दिली. तेव्हा येत ते दोन-तीनच रंग, सगळे गुलाबी, सगळे गोऱ्यापान बायांसाठी केलेले. मी आईच्या रंगावर गेलेली, चांगली सावळी. पहिल्या दिवशी ते लावलं आणि दुपारपर्यंत माझं तोंड राखेत लोळल्यासारखं झालं. दोन बाया माझ्याकडे बघून पदराआड हसल्या. दुकान बंद करताना शेठाणी म्हणाली, "हे असं नाही चालणार हं. रविवारपर्यंत नीट जमव, नाहीतर मी दुसरी गोरी मुलगी बघते."

घरी आले ती रडतच. तुम्ही हात-पाय धुऊन नुकतेच बसला होतात. आता ओरडा बसणार म्हणून मी खाली मान घालून उभी. तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलंत, गालावर अंगठा फिरवलात आणि भडकलात, पण भलत्याच गोष्टीवर. "ह्यो कलर कुनी मारला? खालचा पत्रा कुठला, वरचा रंग कुठला! मानंपाशी जोड दिसतोय सगला. आमच्या गॅरेजात आसा कलर मारला आसता ना, तर मालकानी हात तोडला आसता!" आई म्हणाली, "अहो, पोर रडतेय, आणि तुमचं काय भलतंच." तर तुम्ही म्हणालात, "रडनार नाय तर काय? बग ना कशी केलीय तिला." थोबाड रंगवायचं नाही, हे तुम्ही त्या क्षणी साफ विसरून गेलात. त्यानंतर पुन्हा कधी तुम्ही ते वाक्य म्हटलं नाहीत.

मग रंग कालवायला म्हणून तुम्ही जेवायची ताटली उपडी घातलीत. मी दुकानातून वापरायला मिळालेल्या, कुणी न घेतलेल्या वस्तू पुढे ठेवल्या. एक चॉकलेटी लिपस्टिक, आयशॅडोची डबी ज्यात एक मातकट पिवळा होता, कोल्ड क्रीम. तुम्ही गाडीच्या पत्र्याला पुट्टी लावायची पात साबणाने तीनदा धुतलीत आणि कालवायला लागलात. आईने एवढंच विचारलं, "आधी पॉलिश पेपर मारणार नाही ना तिच्या तोंडाला?" सकाळी तुम्ही मला ते लावून, छाती पुढे काढून दुकानात पाठवलंत. आणि दुपारी मी परत राखाडी! पहिल्याइतकी नाही, पण राखाडीच. कारण काय होतं, तर गाडीचा रंग सुकला की गडद होतो, म्हणून कालवताना तो एक पायरी उजळ ठेवायचा, ही तुमची आयुष्यभराची सवय. हाताने आपोआप तेच केलं. पण तोंडावरचा रंग काही गाडीसारखा गडद होत बसत नाही, आणि वरून पावडर फिरवली की उलट अजूनच उजळ पडतो. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही डोक्याला हात लावलात आणि इतके हसलात, इतके हसलात की शेजारच्या काकू बघायला आल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गॅरेजला अर्धी सुट्टी टाकलीत. तापात फणफणतानाही कामावर जाणारा माणूस! भर उन्हात तुम्ही मला गच्चीवर बसवलंत, आई आरसा धरून उभी. "गालावर बगायचंच नाय," तुम्ही म्हणालात, "जोड असतो तिथं बगायचं." आणि कानाखाली, जबड्याच्या कडेला, जिथे तोंड संपतं आणि मान सुरू होते, तिथे एक बोट ओढलंत. च्यक. थोडा चॉकलेटी. च्यक. पिवळ्याचा कण. माझी मान अवघडून गेली, पण मी श्वाससुद्धा जपून घेत होते. तुमचं खरखरीत बोट, थिनरने भेगाळलेलं, पण लागत इतकं हलकं होतं की मला कळत नव्हतं ते कधी टेकलं आणि कधी उचललं. शेवटी तुम्ही थांबलात आणि आईला म्हणालात, "आता सांग, कुठं लावलाय?" आई जवळ आली, लांब गेली, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. "लावलाय कुठे?" ती म्हणाली. "अजून लावायचाय ना?"

बाबा, मी आरसा घेतला आणि मलाही सापडेना. आजवर जे काही तोंडाला लावलं होतं ते सगळं मला दुसरीच कुणीतरी करायला बघत होतं, गोरी, निदान थोडी कमी काळी. आणि हा रंग माझा होता. माझाच, फक्त नीट झोप झालेला, नीट जेवलेला. एखाद्या कारखान्याने माझ्यासाठी बाटली केली नव्हती, म्हणून माझ्या बापाने उपड्या ताटलीवर ती केली होती. तो तोंडभर लावून झाल्यावर पुढचं काम मी हातात घेतलं. त्याच चॉकलेटी लिपस्टिकमध्ये आयशॅडोच्या डबीतला गुलाबी कालवून ओठाला, उरलेलं बोटावरचं गालांना, काजळाची रेघ ओढून पुसट केली. मान वर करून बघते तर तुम्ही पात हातात तशीच धरून माझ्याकडे टक लावून बसलेले. "ह्ये तुला कुनी शिकवलं गो?" तुम्ही विचारलंत, आणि तुमचा आवाज चक्क हळू होता.

खरी परीक्षा दुकानात झाली. शेठाणी मला बघून चिडलीच. "आज काहीच न लावता आलीस? मी सांगितलं काय, तू करतेस काय!" आता आली का पंचाईत! रंग इतका जुळला होता की नोकरीच जाणार. समोर बुरखा घातलेली एक बाई बांगड्या बघत होती, चेहरा उघडा, माझ्याच रंगाची. तिच्या पिशवीत नवऱ्याने कुवेतहून पाठवलेली फाउंडेशनची बाटली होती, परत घेता का म्हणून विचारायला आलेली, कारण तीही गोऱ्यांचीच. मी काही विचार केला नाही. कापसावर कोल्ड क्रीम घेतलं आणि शेठाणीच्या देखत माझं अर्धं तोंड पुसून काढलं. एका बाजूला डोळ्याखालचं काळं, पुटकुळ्यांचे डाग, सगळं उघडं. दुसरी बाजू जशीच्या तशी. त्या बाईने माझी हनुवटी धरली, अगदी तुम्ही धरली होतीत तशी, इकडे वळवली, तिकडे वळवली आणि म्हणाली, "या अल्ला! बहीण, मला ही बाजू द्या." आणि लावलेल्या बाजूवर बोट ठेवलं. मी तिच्या त्या कुवेतच्या बाटलीतच चॉकलेटी आणि पिवळा कालवून दिला. शेठाणीने त्या संध्याकाळी मला कपाटाची किल्ली दिली.

हे तुम्हाला सांगितल्यावर काय झालं ते आठवून अजून लाज वाटते आणि अजून हसू येतं. तुम्ही अख्ख्या पळस्पे फाट्याला सांगितलंत. "माज्या पोरीच्या तोंडाचा कलर मीच म्याचिंग केला!" ट्रकवाले मला बघून विचारायचे, "हीच का ती गाडी?" मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. पण नंतर आपण दोघं रविवारी बसायचो, मी गिऱ्हाइकांचे रंग तोंडी सांगायचे, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा, ओल्या मातीत थोडं पिवळं, आणि तुम्ही ताटलीवर करून दाखवायचात. एकेकीला पहिल्यांदा स्वतःचा रंग लावताना मी पाहिलंय. बाया आरसा खाली ठेवत नाहीत, बाबा. इतकी वर्षं झाली, आता माझं स्वतःचं दुकान आहे, हव्या तेवढ्या रंगांच्या बाटल्या मिळतात, तरी तो क्षण आला की मला काही सुचत नाही.

आता आजचं सांगते. भावाने उलव्याला घर घेतलंय. हॉलमध्ये तुमचा फोटो मोठा करून लावायचा म्हणून मी काल स्टुडिओत गेले. चांगला फोटो एकच, तो कृष्णधवल. बाकीचे रंगीत होते ते सगळे लाल पडलेत. स्टुडिओवाला म्हणाला, "कॉम्प्युटरवर रंगीत करून देतो ताई, फक्त त्यांचा रंग कसा होता तेवढं सांगा." मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. तुमचा आवाज आठवला, हात आठवले, नखातला रंग आठवला, कधी निळा, कधी लाल, कधी मोतिया. कातडीचा रंग नाही. भावाला फोन केला, त्यालाही आठवेना. आईला विचारायला आई नाही. माझ्या रंगावर जन्मापासून अख्ख्या आळीने तोंडसुख घेतलं, आईच्या रंगावर तिच्या सासरच्यांनी. तुमच्या रंगाबद्दल मात्र कुणी कधी अवाक्षर काढलं नाही, बाप्या माणसाचा रंग कोण बघतो! मीसुद्धा नाही बघितला. घरी येऊन मी ताटली उपडी घातली, खिडकीपाशी बसून किती वेळ कालवत राहिले. कितीतरी माणसं तयार झाली, तुम्ही नाही झालात.

स्टुडिओवाल्याचा सकाळी परत फोन आला होता. मी 'गव्हाळ' म्हणून सांगितलं, बाबा. तो म्हणाला, "चालेल."